टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे नक्की काय तपासलं, ते तरी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य पानावर फूड अ‍ॅलर्जीबद्दल आलेला लेख वाचला. बराचसा चांगला होता, उगाच घाबरवणारा नव्हता, पण त्यात एक वाक्य होतं की ब्लड टेस्ट किंवा स्किन टेस्ट निगेटिव्ह आली की तो पदार्थ बिनधास्त खायला हरकत नाही, आणि त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. मी बियांमधली प्रोटीन्स वेगळी काढणाऱ्या लॅबमध्ये काम करते, म्हणजे शेंगदाणे, तीळ, काजू, अक्रोड, हेझलनट असलं काय काय दळायचं, त्यातलं तेल काढून टाकायचं, राहिलेल्या पिठातून प्रोटीन विरघळवून घ्यायचं आणि मग एकेक सुटं करून बघायचं की यातलं नेमकं कोण माणसाला त्रास देतंय. डॉक्टर ज्या बाटलीतला थेंब हातावर ठेवून सुई टोचतात त्या बाटलीत काय असतं आणि काय नसतं हे आम्हाला रोज दिसतं, आणि रिपोर्ट हातात पडलेल्या माणसाला ते कुणी सांगत नाही. पत्र लांबलंय, कापावं लागलं तर सुरुवातीचं कापा, शेवटचं ठेवा.

आपण सरसकट म्हणतो शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, तिळाची अ‍ॅलर्जी. पण रक्तातली आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवून आणणारी अँटिबॉडी, अख्ख्या दाण्याला चिकटत नाही, ती त्यातल्या एखाद्या प्रोटीनवरच्या ठराविक जागेला चिकटते, आणि एका दाण्यात प्रोटीन्स असतात शेकड्यांनी. त्यातली अ‍ॅलर्जी करणारी म्हणून एकट्या शेंगदाण्यातच डझनाहून जास्त नोंदली गेलीयत. नाव द्यायची पद्धत सोपी आहे, शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाची तीन अक्षरं, दुसऱ्या शब्दाचं एक आणि पुढे नंबर, म्हणून अराकिस हायपोजियाचं झालं आरा एच १, आरा एच २ वगैरे. कोण आधी सापडलं त्यावर साधारण हा नंबर पडतो, कोण किती डेंजर याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ही यादी जागतिक आरोग्य संघटना आणि इम्युनॉलॉजी सोसायट्यांची आंतरराष्ट्रीय युनियन यांची एक उपसमिती सांभाळते, आणि तिथे नाव लावायचं तर अ‍ॅलर्जी असलेल्या किमान पाच जणांच्या रक्तातली आयजीई त्या प्रोटीनला चिकटते हे दाखवावं लागतं. त्यासाठी आधी ते प्रोटीन हातात यायला पाहिजे, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

हे काम नवीन नाही बरं का. अमेरिकेत कनेक्टिकटच्या शेतकी प्रयोग केंद्रात थॉमस ऑसबॉर्न नावाचा केमिस्ट होता, त्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बियांमधली प्रोटीन्स कशात विरघळतात त्यावरून त्यांचे चार गट केले. पाण्यात विरघळतात ती अल्ब्युमिन, मिठाच्या पाण्यात विरघळतात ती ग्लोब्युलिन, अल्कोहोलमध्ये विरघळतात ती प्रोलामिन आणि फक्त आम्लात नाहीतर अल्कलीत येतात ती ग्लुटेलिन. आम्ही अजून हीच नावं वापरतो. १९११ पासून ऑसबॉर्नने गिडियन वेल्स या पॅथॉलॉजिस्टबरोबर हीच शुद्ध केलेली प्रोटीन्स गिनीपिगना टोचून बघितली की अ‍ॅनाफिलॅक्सिस (अंगभर पसरणारी, जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी) कशाने होतो, आणि त्यांना दिसलं की प्रतिक्रिया कुठल्या बीमधून प्रोटीन आलंय यावर नाही तर त्या प्रोटीनची रचना कशी आहे यावर ठरते. आयजीई सापडायच्या पन्नासेक वर्षं आधीची गोष्ट आहे ही! आयजीई कळली १९६६-६७ मध्ये, इशिझाका नवरा-बायको एकीकडे आणि स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिच दुसरीकडे.

आता प्रत्यक्ष टेबलावर काय होतं ते सांगते, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं आणि साधारण पाव भाग प्रोटीन. तेल असताना प्रोटीन काढायला गेलं की सगळा चिकट पांढरा लगदा होतो, कॉलम (प्रोटीन्स वेगळी करायची नळी) चोक होतो, काही धड होत नाही. म्हणून दाणे गार ठेवून दळायचे, गरम होऊ द्यायचे नाहीत, मग हेक्झेन किंवा गार अ‍ॅसिटोन ओतून ढवळायचं, वरचं पिवळट द्रावण काढून टाकायचं, परत ओतायचं, परत काढायचं, असं करता करता खाली कोरडं पांढरं पीठ उरतं. हे पीठ हुडमध्ये रात्रभर वाळवायचं. मग पीएच ८ च्या आसपासच्या बफरमध्ये (आम्ल-अल्कलीचं प्रमाण स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), थोडं मीठ घालून, ४ अंश सेल्सिअसला ढवळत ठेवायचं, प्रोटीन तोडणारे एन्झाइम्स जागे होऊ नयेत म्हणून इनहिबिटर टाकायचे, आणि अक्रोडासारखं काही असेल तर सालीतले टॅनिन धरून ठेवायला अजून एक पावडर टाकायची, नाहीतर अर्क तपकिरी होतो आणि टॅनिन प्रोटीनला असं चिकटतं की पुढचं सगळं वाया. मग सेंट्रिफ्यूज. ट्यूब बाहेर काढली की तीन थर दिसतात, खाली घट्ट बसलेला चोथा, मध्ये दुधट-पारदर्शक द्रव, आणि वर सायीसारखा पातळ पांढरा थर, कारण तेल कितीही काढलं तरी थोडं राहतंच. सगळे काय करतात, वरचा थर बाजूला सारायचा, मधला द्रव पिपेटने उचलायचा आणि खालचा चोथा फेकून द्यायचा. हा मधला द्रव म्हणजे अर्क. टेस्टचे बहुतेक अर्क थोड्याफार फरकाने असेच पाण्यात उतरवलेले असतात. वरचा थर आणि खालचा चोथा यांचं काय, ते पुढे सांगते.

अर्कातून एकेक प्रोटीन सुटं करणं हे चिकाटीचं काम. अमोनियम सल्फेट हळूहळू वाढवत नेलं की मोठी ग्लोब्युलिन्स आधी खाली बसतात आणि छोटी अल्ब्युमिन्स बराच वेळ द्रवात राहतात, मग डायलिसिस करून ते मीठ काढायचं, मग चार्जवर वेगळं करणारा कॉलम, मग साइजवर वेगळं करणारा. प्रत्येक पायरीला थोडं थोडं जेलवर, म्हणजे प्रोटीन्स आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलीच्या पातळ थरावर, चालवून बघायचं. निळा रंग चढला की शेंगदाण्याचं चित्र ओळखू येतंच, वर ६४ किलोडाल्टनच्या (प्रोटीनचं वजन मोजायचं एकक) आसपास जाड पट्टा तो आरा एच १, मध्ये आरा एच ३ चे तुटलेले तुकडे बऱ्याच पट्ट्यांत पसरलेले, आणि खाली १७ ते २० च्या मध्ये दोन पट्टे एकमेकांना खेटून, तो आरा एच २, एकाच प्रोटीनची दोन रूपं, एकात १२ अमिनो आम्लं जास्त. त्याच्याही खाली १५ जवळ आरा एच ६. आरा एच २ आणि ६ हे दोघं इतके सारखे आहेत की एकाला शुद्ध केलं असं वाटतं आणि नीट बघितलं तर दुसरा थोडासा सोबत आलेलाच असतो, आणि मग एखाद्याची आयजीई आरा एच २ ला चिकटली म्हणून आपण लिहून टाकतो, पण ती खरं म्हणजे आत राहिलेल्या चिमूटभर आरा एच ६ ला चिकटलेली असू शकते. माझं अर्धं आयुष्य या दोघांना वेगळं करण्यात चाललंय असं घरचे म्हणतात, ते अगदीच खोटं नाही.

यानंतर जेलवरचे पट्टे एका पातळ पडद्यावर उतरवायचे आणि त्यावर अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तातला सीरम, म्हणजे पेशी आणि गुठळी काढल्यावर उरलेला द्रव, ओतायचा. ज्या पट्ट्याला आयजीई चिकटेल तो उजळतो. बघायला फार भारी वाटतं, पण इथेही फसायला होतं. आरा एच १ सारख्या काही प्रोटीन्सवर साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात, आणि काही लोकांच्या रक्तात त्या साखरेलाच चिकटणारी आयजीई असते, जिच्यामुळे खाल्ल्यावर सहसा काहीच होत नाही. म्हणजे पट्टा उजळला पण माणूस मजेत खातोय. म्हणून मग बेसोफिल या अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या रक्तपेशींवर प्रोटीन टाकून त्या खरंच भडकतात का हे बघावं लागतं, नुसतं चिकटणं पुरेसं नाही. याच कारणाने टेस्ट पॉझिटिव्ह आली की जन्मभर तो पदार्थ बंद हेही बरोबर नाही, तुमच्या लेखात हे आलं होतं, त्याबद्दल आभार.

सगळ्यात चिवट मंडळी म्हणजे २एस अल्ब्युमिन. आरा एच २ आणि ६, काजूतलं आना ओ ३, अक्रोडातलं जग आर १, हेझलनटमधलं कॉर ए १४, तिळातलं सेस आय १, पिवळ्या मोहरीतलं सिन ए १, ब्राझील नटमधलं बेर ई १, सगळे एकाच घराण्यातले. बीला रुजताना लागणारा नायट्रोजन आणि गंधक साठवून ठेवायचं यांचं काम. छोटंसं प्रोटीन, पण आतून चार डायसल्फाइड बंधांनी (गंधकाच्या जोडांनी) गच्च गाठी मारलेल्या गाठोड्यासारखं, त्यामुळे शिजवा, पोटातल्या पेप्सिनमध्ये टाका, बराचसा भाग शाबूत राहतो आणि तसाच आतड्यापर्यंत पोचतो. आरा एच २ तर वर ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला थोडंफार अडवतो. याच्या अगदी उलट आरा एच ८, हा बर्च झाडाच्या परागातल्या मुख्य अ‍ॅलर्जनचा, म्हणजे अ‍ॅलर्जी करणाऱ्या प्रोटीनचा, नातेवाईक, उष्णतेने आणि पोटातल्या आम्लाने पटकन मोडतो, आणि ज्यांची आयजीई फक्त यालाच असते त्यांना बहुतेक वेळा तोंडात खाज सुटते आणि थांबते. आता बघा, दोन माणसांचा रिपोर्ट, दोन्हीवर शेंगदाणा पॉझिटिव्ह एवढंच लिहिलंय, एकाची आयजीई आरा एच २ ला आणि दुसऱ्याची आरा एच ८ ला. पहिल्याने गंभीर रिअ‍ॅक्शन आली तर लगेच घ्यायचं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन सोबत बाळगायला पाहिजे आणि दुसऱ्याला बहुधा त्याची गरजच नाही. एकेक प्रोटीन वेगळं काढून तपासलं तरच हा फरक कळतो, म्हणून हल्ली कंपोनंट टेस्ट आल्यात आणि त्या चांगल्या आहेत, पण यादीत जी प्रोटीन्स आहेत तेवढीच त्या तपासतात.

अर्कात काय कमी-जास्त आहे त्यावर रिपोर्ट कसा फिरतो याचं एक उदाहरण म्हणजे हेझलनट. त्याच्या अर्कात कॉर ए १ हे नाजूक प्रोटीन टिकत नाही, कमी पडतं, म्हणून एका प्रचलित ब्लड टेस्टमध्ये ते बाहेरून मुद्दाम मिसळायला लागले. हेतू चांगला होता, पण कॉर ए १ हा पण बर्चच्या परागाचाच नातेवाईक, त्यामुळे बर्चची अ‍ॅलर्जी असलेल्यांचे हेझलनटचे आकडे ढगात गेले. माणूस तोच, हेझलनट तेच, बाटलीतलं मिश्रण बदललं.

आता वरचा थर. त्या सायीसारख्या थरात तेलाचे बारीक थेंब असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती ओलिओसिन नावाच्या प्रोटीनचं वेष्टण असतं. ओलिओसिनचा मधला लांब भाग तेलात रुतलेला, त्याला पाणी अजिबात आवडत नाही, साध्या बफरमध्ये तो उतरतच नाही. हेक्झेनने तेल काढताना आणि नंतर वरचा थर बाजूला सारताना हे प्रोटीन हातातून निसटतं. तिळाच्या बाबतीत काय झालं ते बघा, तीळ खाऊन खरोखर जोरदार रिअ‍ॅक्शन आलेले काही रुग्ण होते आणि त्यांची नेहमीची स्किन टेस्ट निगेटिव्ह, ब्लड टेस्ट निगेटिव्ह. फ्रान्समधल्या संशोधकांनी तिळाचा तेलाकडचा भाग वेगळा काढून त्यांचा सीरम त्यावर टाकून बघितला तेव्हा ओलिओसिनचे पट्टे उजळले, तेच आज सेस आय ४ आणि सेस आय ५ म्हणून यादीत आहेत. हे छापून आलं २००६ मध्ये. शेंगदाण्यातले ओलिओसिन म्हणजे आरा एच १०, ११, १४ आणि १५, आणि जर्मनीतल्या एका गटाने दाखवलंय की यांना चिकटणारी आयजीई गंभीर रिअ‍ॅक्शन येणाऱ्यांमध्ये जास्त सापडते. म्हणजे ही काही किरकोळ पाहुणे मंडळी नाहीत.

यातली खरी गोम वेगळीच आहे, आणि लॅबमधल्या आमच्याही लोकांच्या ती चटकन लक्षात येत नाही. नवीन अ‍ॅलर्जन शोधायचा तर रुग्णांचा सीरम लागतो. अभ्यासात कोणाला घ्यायचं, तर ज्याची टेस्ट पॉझिटिव्ह आहे त्याला. टेस्ट कशाने केली, तर पाण्यात उतरलेल्या अर्काने. मग त्या सीरमने काय सापडणार, तर पाण्यात उतरणारी प्रोटीन्स. ती यादीत जाणार, त्यांच्यावरून पुढच्या टेस्ट बनणार, आणि त्या टेस्टमध्ये जो पॉझिटिव्ह येईल तोच पुढच्या अभ्यासात येणार. ज्याची आयजीई तेलाकडच्या प्रोटीनला आहे तो पहिल्याच पायरीला बाहेर. वर त्याला सांगितलं जातं की तुम्हाला अ‍ॅलर्जी नाही, मनाचे खेळ आहेत. काढायच्या पद्धतीनेच ठरवलं की अ‍ॅलर्जन कोण, आणि आपण मात्र समजतो की निसर्गात तेवढीच आहेत.

चोथ्याचं पण थोडक्यात सांगते. दाणे भाजले की साखर आणि प्रोटीनची मेयार्ड प्रक्रिया होते, वास छान येतो पण प्रोटीन्स एकमेकांना चिकटून मोठे गोळे होतात आणि ते बफरमध्ये विरघळत नाहीत, सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला बसतात. म्हणजे भाजलेल्या दाण्यातून आरा एच १ कमी निघतो, आणि कोणी नुसता आकडा बघितला तर म्हणेल भाजल्यामुळे अ‍ॅलर्जन कमी झाला. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवलं की भाजलेल्या दाण्याच्या अर्काला आयजीई कच्च्यापेक्षा कितीतरी पट जास्त चिकटते, त्यांच्या मोजणीत साधारण ९० पट. उकडण्याचं वेगळंच, त्यात छोटी प्रोटीन्स पाण्यात उतरतात आणि पाणी ओतून दिलं की गेली, त्यामुळे दाणा सौम्य होतो, पण निर्धोक होत नाही, कोणी हे वाचून घरी प्रयोग करू नका. तर मुद्दा असा की पाकिटावर शेंगदाण्याचा अंश नाही असं लिहिण्याआधी जी तपासणी करतात तीसुद्धा आधी प्रोटीन विरघळवूनच करतात. भाजलेल्या, तळलेल्या, चॉकलेटमध्ये कालवलेल्या मालातून जे सुटलंच नाही ते त्या किटला दिसणार कसं?

तेलाबद्दल लोक नेहमी विचारतात म्हणून मध्येच सांगून टाकते. पूर्ण रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रोटीन जवळपास नसतंच. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही प्रकारची तेलं देऊन बघितली होती, रिफाइन्डने एकालाही काही झालं नाही आणि रिफाइन न केलेल्या तेलाने ६ जणांना सौम्य त्रास झाला. तेव्हा अ‍ॅलर्जी असेल तर घाण्यातून नुसतं गाळून आलेलं तेल आणि रिफाइन्ड तेल या दोन वेगळ्या वस्तू समजायच्या.

कोणी म्हणेल मग शुद्ध प्रोटीन बॅक्टेरियात बनवून घ्या, दाणे दळायची कटकटच नको. बनवतात ना, आम्हीही बनवतो. पण ई. कोलाय या साध्या बॅक्टेरियाच्या पेशीत डायसल्फाइड बंध नीट जुळत नाहीत, आणि २एस अल्ब्युमिनची सगळी ताकदच त्या बंधांत आहे, ते चुकीचे जुळले की प्रोटीनचा आकार बदलतो आणि आकार ओळखणारी आयजीई चिकटतच नाही. यीस्टमध्ये किंवा खास तयार केलेल्या बॅक्टेरियात बनवलं तर बंध जुळतात. तरीसुद्धा शेंगदाण्यातला खरा आरा एच २ आणि बॅक्टेरियातला आरा एच २ तंतोतंत एक नाहीत, कारण खऱ्यात काही प्रोलिनवर एक जास्तीचा हायड्रॉक्सिल गट बसलेला असतो आणि आयजीई चिकटायची एक महत्त्वाची जागा नेमकी तिथेच आहे. बॅक्टेरिया तो गट लावत नाहीत. म्हणून दळण काही सुटत नाही.

आणि हे सगळं वेळेत केलं तर काय फायदा होतो याचं उत्तम उदाहरण म्हणजे ब्राझील नट आणि सोयाबीन. सोयाबीनमध्ये मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं, आणि ब्राझील नटच्या २एस अल्ब्युमिनमध्ये भरपूर, म्हणून पायोनियर हाय-ब्रेड कंपनीने त्याचा जीन सोयाबीनमध्ये घातला. पशुखाद्य सुधारायचं म्हणून. नेब्रास्का विद्यापीठातल्या लोकांनी ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेल्यांचा सीरम घेऊन तपासलं तर ९ पैकी ८ जणांची आयजीई त्या शुद्ध प्रोटीनला चिकटली, ज्या तिघांची स्किन टेस्ट केली त्या तिघांनाही नवीन सोयाबीनच्या अर्काने गांध आली. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ते सोयाबीन कधी बाजारात आलंच नाही. मला विचाराल तर या विषयातलं हे सगळ्यात समाधानाचं काम आहे, कारण कोणी आजारी पडायच्या आधी झालं.

आता तुमच्याकडे आणि तुमच्या वाचकांकडे काही मागणं. रिपोर्टवर नुसतं शेंगदाणा निगेटिव्ह, तीळ निगेटिव्ह असं लिहून भागत नाही, अर्क कच्च्या मालाचा की भाजलेल्या, तेल काढलेला की नाही, आणि कंपोनंट तपासले असतील तर कुठले, एवढं तरी लॅबने छापायला हवं, त्याला काही फार खर्च येत नाही. एखादी गोष्ट खाऊन काही मिनिटांत अंगावर गांध, ओठ सुजणं, श्वास अडकणं, उलटी असं काही झालं असेल आणि टेस्ट निगेटिव्ह आली असेल, तर त्या रिपोर्टवर विसंबून परत खाऊन बघू नका, अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना सांगा, ते खऱ्या पदार्थातच सुई टोचून मग त्वचेवर टोचतात ती टेस्ट करू शकतात, आणि शेवटचा निर्णय हॉस्पिटलमध्ये, अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवून, थोडं थोडं खायला देऊन केलेल्या चॅलेंजवरच होतो. काजूने त्रास झालेल्याने पिस्त्याबद्दल आणि अक्रोडाने झालेल्याने पेकानबद्दल न विचारता खाऊ नये, दोन्ही जोड्यांमधली प्रोटीन्स फार सारखी आहेत. आणि ते शंभर पदार्थांचं आयजीजी (आयजीईहून वेगळी अँटिबॉडी) पॅनल विकतात ना, त्याचा अ‍ॅलर्जीशी संबंध नाही, युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जी संघटनांनी स्पष्ट सांगितलंय की निदानासाठी ते वापरू नका, त्यावर पैसे घालवू नका.

शेवटचं, जे कापू नका म्हटलं होतं ते. आमच्या कामात सगळ्यात दुर्मिळ गोष्ट मशीन नाही, केमिकल नाही, खात्रीशीर रुग्णाचा सीरम. त्यातही ज्यांना खाऊन त्रास झाला पण टेस्ट निगेटिव्ह आली अशांचा सीरम तर मिळतच नाही, कारण निगेटिव्ह म्हटलं की फाइल बंद होते आणि उरलेलं रक्त टाकून दिलं जातं. डॉक्टर मंडळींना विनंती की हिस्टरी पक्की असेल आणि टेस्ट निगेटिव्ह असेल तर त्या माणसाची परवानगी घेऊन एखादी नळी फ्रीजरमध्ये जपून ठेवा आणि प्रोटीनवर काम करणाऱ्या कुठल्याही लॅबला कळवा. आणि वाचकांपैकी कोणाला अशी परवानगी विचारली गेली तर कागद नीट वाचा, रक्त कशासाठी वापरणार, नाव गुप्त राहणार का हे विचारा, पटलं तर द्या. सोबत काय खाल्लं होतं, ते कच्चं होतं की भाजलेलं, आणि किती वेळात त्रास सुरू झाला हेही लिहून द्या, कारण आम्ही कुठला थर उघडून बघायचा हे त्यावरूनच ठरवतो.

आपली,
एक वाचक